पुरस्काराच्या खाली सही कुणाची?

आमच्या तालुक्यात एक शाहीर आहेत. वय बहात्तर. आंबेडकरी जलशात सगळी हयात गेली. गावात त्यांना तात्या म्हणतात. गेल्या पावसाळ्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणं, कुठल्या कुठल्या मंडळांची सन्मानपत्रं, आकाशवाणीचं एक जुनं पत्र. म्हणाले, "बाळा, समाजभूषणसाठी अर्ज करा म्हणतात. आणि वर पोलीस ठाण्यातनं चारित्र्याचा दाखला आणा म्हणतात. मी पुरस्कार घ्यायला चाललोय का पासपोर्ट काढायला?"

तात्यांचा वैताग रास्त होता. पण त्या दाखल्यात सरकारी पुरस्कारांचं अर्धं कोडं सुटतं. पुरस्कार म्हटला की आपल्यासमोर शाल, श्रीफळ आणि टाळ्या येतात. सरकारी कचेरीत मात्र तो एका फाइलचा शेवट असतो. ती फाइल वाचता आली, तर कुणाला का मिळाला, कुणाचा का काढून घेतला, २०२४ चा पुरस्कार २०२५ मध्ये कसा जाहीर झाला, असले प्रश्न बरेचसे सुटतात.

आधी फाइल, मग फेटा

सरकार एखादी गोष्ट ठरवतं तेव्हा त्याचा लेखी आदेश निघतो. त्याला शासन निर्णय म्हणतात. बोलताना सगळे 'जीआर'च म्हणतात. पुरस्कार सुरू करायचा तरी जीआर, रक्कम वाढवायची तरी जीआर, समिती नेमायची तरी जीआर. शासनाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येतात. भाषा रुक्ष असते, पण शेवटची ओळ जरूर वाचा. तिथे छापलेलं असतं: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली एखाद्या अवर सचिवाची किंवा उपसचिवाची सही. पुरस्कार देणारा खरा हात तो. व्यासपीठावर मानचिन्ह देणारे मंत्री त्यानंतर येतात.

जीआरमध्ये आणखी एक ओळ असते, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा याची. लेखाशीर्ष म्हणजे सरकारच्या हिशोबाच्या वहीतला कप्पा. घरात किराण्याचे पैसे वेगळ्या डब्यात आणि शाळेच्या फीचे वेगळ्या डब्यात ठेवतात, तसंच. पुरस्काराची रक्कम, समारंभाचा मांडव, जाहिरात, सगळं अशा कुठल्यातरी डब्यातून निघतं. डबा आपल्या करातून भरलेला असतो, म्हणून त्याबद्दल विचारायचा हक्कही आपल्याला आहे.

वर्षांचा घोळही इथलाच. आशा भोसले यांना २०२१ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार प्रत्यक्ष मिळाला मार्च २०२३ मध्ये, गेटवे ऑफ इंडियापाशी. शिल्पकार राम सुतार यांचं २०२४ च्या पुरस्कारासाठीचं नाव मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात जाहीर झालं. तेव्हा सुतारांनी शंभरी गाठली होती. पुरस्कारावरचं साल फाइलचं असतं. समारंभाचं साल सोय पाहून ठरतं.

कुठला पुरस्कार कुठल्या खात्याचा

बहुतेक गोंधळ इथे होतो. पद्मश्री, पद्मभूषण हे केंद्र सरकारचे. राज्य सरकार नावं सुचवू शकतं, पण दिल्ली ती मान्य करेलच असं नाही. साहित्य अकादमी ही दिल्लीतली स्वायत्त संस्था. तिचाही राज्य सरकारशी संबंध नाही.

महाराष्ट्र सरकारच्या स्वतःच्या पुरस्कारांत सर्वांत वरचा महाराष्ट्र भूषण. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने तो सुरू केला आणि १९९६ मध्ये पहिला दिला पु. ल. देशपांडे यांना. पुढे लता मंगेशकर, विजय भटकर, सचिन तेंडुलकर, भीमसेन जोशी, अभय आणि राणी बंग, बाबा आमटे, अशी यादी वाढत गेली. सुरुवातीला साहित्य, कला, क्रीडा, विज्ञान एवढीच क्षेत्रं होती. समाजकार्य, पत्रकारिता, प्रशासन, आरोग्यसेवा ही नंतर आली. रक्कम २०२३ मध्ये १० लाखांवरून २५ लाख झाली.

त्याच्या खाली खात्यांचे पुरस्कार. सांस्कृतिक कार्य विभागाकडे राज्य सांस्कृतिक पुरस्कार आहेत: नाटक, कंठसंगीत, वाद्यसंगीत, नृत्य, तमाशा, शाहिरी, लोककला वगैरे. त्यात कीर्तन आणि समाजप्रबोधन एकाच खान्यात येतं, हे मला फार आवडतं. कीर्तन ही कला की सुधारणा, या वादात सरकार पडलंच नाही. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात तसा वाद घालण्यात अर्थही नव्हता. मराठी भाषा विभागाकडे वाङ्मय पुरस्कार आणि विंदा करंदीकर जीवनगौरव. महिला व बालविकास विभागाकडे अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचा. आणि सामाजिक न्याय विभागाकडे शाहू-फुले-आंबेडकर यांच्या नावाचं संस्थांसाठीचं पारितोषिक, अण्णाभाऊ साठे, संत रविदास, दादासाहेब गायकवाड यांच्या नावांचे, आणि तात्यांनी ज्यासाठी पिशवी भरली तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण.

नावावर जाऊ नका, खातं बघा. लता मंगेशकरांच्या नावाचा पुरस्कार महाराष्ट्र सरकारही देतं आणि मध्य प्रदेश सरकारही. दोन राज्यं, दोन फाइली, नाव एकच.

अर्ज करून मिळवायचा तो कसला मान?

तात्यांचा हा खरा प्रश्न होता. गावात पालखीपुढचा मान मागून घेत नाहीत, चालत येतो. सरकारचं मात्र एक दुखणं आहे. मंत्रालयातल्या माणसाला कुठल्या वाडीत कोण काय करतंय हे कळणार कसं? म्हणून काही पुरस्कारांत समितीच नावं सुचवते आणि काहींत अर्ज मागवतात. महाराष्ट्र भूषणसाठी कुणी कात्रणांची फाइल घेऊन रांगेत उभं राहत नाही. त्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसते आणि नाव ठरवते. समाजभूषण दर वर्षी पन्नासेक जणांना मिळतो, वाडीवस्तीवर काम करणाऱ्यांना. तिथे अर्ज लागतो, वयाची अट लागते (पुरुषांना ५०, बायकांना ४०) आणि पोलिसांचा दाखलाही लागतो. उद्या कुणी उठून 'याच्यावर तर गुन्हा आहे' म्हणालं, तर फाइलवर उत्तर असावं, एवढाच त्या कागदाचा हेतू.

यातली गोम अशी की ज्याला फाइल करता येते त्याचं काम दिसतं. ज्याच्या पोराला टायपिंग येतं, ज्याच्या ओळखीचा वार्ताहर आहे, त्याची कात्रणं जास्त. आयुष्यभर रात्रीचे जलसे केलेल्या माणसाकडे कागद कुठून असणार? जलशाचा पुरावा ऐकणाऱ्यांच्या आठवणीत असतो आणि त्या आठवणीची झेरॉक्स निघत नाही. पद्म पुरस्कारांसाठी आता कुणीही कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतं, स्वतःचंसुद्धा. दार मोठं झालं खरं, पण दाराबाहेरचा कागदांचा ढीगही त्याबरोबर वाढला.

यादी आत्याची, पत्रिका कर्त्याची

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लग्नघरात आमंत्रणांची यादी बहुधा आत्या काढते, कारण नाती तिच्या डोक्यात पक्की असतात. पण पत्रिकेवर 'निमंत्रक' म्हणून नाव छापतं ते घरच्या कर्त्याचं. आत्याने लिहिलेलं नाव कर्त्याने खोडलं, तर आत्या रुसू शकते, बोलणं टाकू शकते, पण पत्रिका तिच्या हातात नसते. निवड समिती म्हणजे ही आत्या. ती शिफारस करते. देतं सरकार.

एरवी हा फरक जाणवत नाही, कारण समितीचं नाव सरकार निमूट छापतं. जाणवला तो डिसेंबर २०२२ मध्ये. मराठी भाषा विभागाने यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. अनुवादासाठीचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार अनघा लेले यांना होता, कोबाड गांधी यांच्या तुरुंगातल्या आठवणींच्या मराठी अनुवादाबद्दल. रक्कम १ लाख. लेखकावर माओवादी असल्याचा आरोप असताना सरकारने असं पुस्तक गौरवावं का, अशी ओरड समाजमाध्यमांवर सुरू झाली. घोषणा ६ डिसेंबरची. १२ डिसेंबरला नवा जीआर निघाला: पुरस्कार रद्द आणि परीक्षण समितीही बरखास्त. कारण दोन शब्दांत दिलं होतं, 'प्रशासकीय कारणास्तव'.

नक्षलवादाचं उदात्तीकरण करणाऱ्या पुस्तकाला सरकार पुरस्कार देऊ शकत नाही, अशी बाजू तत्कालीन मराठी भाषामंत्री दीपक केसरकर यांनी मांडली. दुसऱ्या बाजूने भाषा सल्लागार समितीचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी राजीनामा दिला. प्रज्ञा दया पवार आणि नीरजा सरकारी मंडळातून बाहेर पडल्या. त्याच वर्षीचे मानकरी शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले.

हे एका पक्षाचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. १९८१ मध्ये बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना विनय हर्डीकर यांच्या आणीबाणीवरच्या पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार असाच मागे घेतला गेला. सरकार काँग्रेसचं होतं आणि पुस्तक काँग्रेसच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारं. मध्ये चाळीस वर्षं गेली, सरकारं उलटसुलट झाली, पण पत्रिका छापणारा हात तोच राहिला.

मग समिती हवीच कशाला? पैसे सरकारचे, मर्जी सरकारची!

हा आक्षेप मी दोन्हीकडून ऐकला आहे. सरकारच्या बाजूचे म्हणतात, जनतेने निवडून दिलंय, कुणाला गौरवायचं ते सरकार ठरवेल. विरोधातले म्हणतात, सगळं आधीच ठरलेलं असतं, समिती नुसती शोभेची.

कायद्याच्या नजरेने पहिलं म्हणणं बरंचसं खरं आहे. बाबासाहेब पुरंदरे यांना २०१५ चा महाराष्ट्र भूषण जाहीर झाला तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि ती फेटाळली गेली. कुणाचा गौरव करावा हे न्यायाधीशांनी ठरवायचं म्हटलं, तर उद्या प्रत्येक शालीमागे एक खटला उभा राहील.

पण मग पुरस्काराला वजन कशाने येतं? सरकारच्या पैशाने तर नक्कीच नाही; २५ लाखांत आज पुण्यात धड फ्लॅटही मिळणं अवघड. वजन येतं ते जाणकारांनी पारखून दिला या विश्वासाने. सोनाराने कस लावून सांगितलं म्हणून सोन्याला भाव. गिऱ्हाइकाला अडचणीचं वाटलं म्हणून सोनारालाच दुकानातून हाकललं, तर सोनं तेच राहतं, पण त्या दुकानाचा शिक्का पुढे कुणी मानत नाही. २०२२ मध्ये एक पुरस्कार गेला त्यापेक्षा समिती बरखास्त झाली हे मला जास्त लागलं. पुस्तक नापसंत असलं तर तसं कारण लिहून, अंगावर घेऊन बोलता येतं. 'प्रशासकीय' या शब्दाआड लपायची काय गरज होती?

नावापुढे 'महाराष्ट्र भूषण' लावता येतं का?

नाही. किंवा लावू नये, असं म्हणू. इंग्रजांच्या काळात रावबहादूर, रावसाहेब, खानबहादूर अशा पदव्या असायच्या आणि त्या नावाला चिकटायच्या. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने त्या बंद केल्या. राज्य कुणालाही किताब देणार नाही. लष्करी आणि शैक्षणिक सन्मान तेवढे अपवाद.

मग भारतरत्न, पद्मश्री हे किताब नाहीत का? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बालाजी राघवन खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये निकाल लागला: हे सन्मान किताब नाहीत, घटनेला धरून आहेत, पण नावाच्या आगेमागे लावायचे नाहीत. निकाल केंद्राच्या सन्मानांबद्दलचा होता. अनुच्छेद १८ मात्र राज्य सरकारांनाही लागू आहे, तेव्हा तर्क तोच. पत्रिकांवर 'पद्मश्री अमुक' सर्रास छापतात, ती आपली हौस.

रकमेवर कर पडतो का, हेही विचारतात. केंद्र किंवा राज्य सरकारने लोकहितासाठी सुरू केलेल्या पुरस्काराच्या रकमेला प्राप्तिकरात सूट आहे. खासगी संस्थेच्या पुरस्काराला ती आपोआप मिळत नाही.

घेणाऱ्याने गप्प बसायचं का?

पहिल्याच महाराष्ट्र भूषणने याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. पुलंनी सरकारचा पुरस्कार घेतला आणि त्याच वेळी सत्तेतल्या ठोकशाहीवर टीकाही केली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे भडकले, जाहीर सभेत पुलंवर बरसले. ज्याच्या घरचं जेवलो त्याचे दोष काढू नयेत, हा आपला शिष्टाचार. पण जेवण सरकारच्या घरचं असलं तरी शिधा लोकांचा असतो, हे पुलंनी ओळखलं होतं असं मला वाटतं. दुर्गा भागवतांचा मार्ग वेगळा. त्यांनी पद्म सन्मानही नाकारला आणि ज्ञानपीठही. दोघांनीही आपली जीभ गहाण ठेवली नाही.

सरकारांना याचा जाच होतो. कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्येनंतर २०१५ मध्ये अनेक लेखकांनी साहित्य अकादमीचे पुरस्कार परत केले. जुलै २०२३ मध्ये एका संसदीय समितीने चक्क असं सुचवलं की पुरस्कार देण्याआधीच लेखकाकडून 'परत करणार नाही' असं लिहून घ्यावं. परत करता येणार नाही अशा भेटीला भेट म्हणायचं की करार?

सरकारला यातून काय मिळतं?

गर्दी मिळते, फोटो मिळतो, आणि कुणाची तरी मनं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण दिला गेला. समोर लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, वर एप्रिलचं ऊन, समारंभ दुपारपर्यंत लांबलेला. उष्माघाताने १४ माणसं गेली. धर्माधिकारींच्या व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, स्वच्छता या कामांबद्दल बोलता येईल, पण एका माणसाला मानपत्र द्यायला एवढं मैदान का लागावं? सभागृहातही ते देता आलं असतं. मैदान निवडलं गेलं, कारण सत्काराच्या पोटात सभा होती.

दुसरी राज्यंही यातून सुटलेली नाहीत. उत्तर प्रदेशात मुलायमसिंह यांच्या सरकारने १९९४ मध्ये यश भारती हा पुरस्कार सुरू केला. पुढे त्यासोबत महिन्याला ५० हजारांचं निवृत्तिवेतनही देऊ लागले. २०१७ मध्ये सत्ता बदलली आणि पुरस्कार थांबला. कर्नाटकाने अतिरेक टाळायला एक साधा हिशोब लावला: राज्याला जितकी वर्षं झाली तितके राज्योत्सव प्रशस्तीचे मानकरी. २०२४ मध्ये ६९. आकडा ठरलेला असला की 'आमच्या माणसाचं एक नाव घुसवा' म्हणणाऱ्याला निदान दाखवायला काहीतरी असतं.

विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार

तमाशासाठी सांस्कृतिक विभागाचा जीवनगौरव पुरस्कार आहे, विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा. कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे यांच्यासारख्यांना तो मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. मंगलाताई तर विठाबाईंची लेक.

पण नावामागची बाई आठवा. भर खेळात कळा सुरू झाल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला होता. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावं लागलं. कपाटात पदकं होती. गाठीला पैसा नव्हता.

सत्कार एका दिवसाचा असतो आणि औषधाची चिठ्ठी दर महिन्याची. म्हणून सरकारची आणखी एक योजना आहे, जिची बातमी होत नाही: वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांचं मानधन. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. पूर्वी कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग होते; स्थानिक पातळीवरच्या 'क' वर्गाला महिना २,२५० रुपये. भजनी मंडळात मृदंग वाजवणारा 'क', दिल्लीत वाजवून आलेला 'अ'. मधुमेह मात्र दोघांचा सारखाच. २०२४ मध्ये वर्ग काढले आणि सगळ्यांना महिना ५,००० केले. तिथेही जिल्ह्याला ठरावीक कोटा, उत्पन्नाचा दाखला, पुराव्याचे कागद, आणि पुन्हा समिती.

तात्यांच्या पिशवीतले कागद लावून देताना तळाशी त्याच योजनेचा कोरा फॉर्म सापडला. दोन वर्षांपूर्वी आणलेला, घडी तशीच. समाजभूषणचा अर्ज मी भरायला घेतला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि हा पुढे सरकवला.

"आधी हा भर," म्हणाले. "दाखला काढायला उद्या जाऊ. ठाण्यातला हवालदार माझा श्रोता आहे."